मुरलीधर म्हणून पुढे जा

गुरुवारी सकाळी पोह्यांची बशी माझ्या हातात देता देता विनीतानं, म्हणजे माझ्या बायकोनं, मला विचारलं, "ही इंदिरा कोण?"

"कोणती इंदिरा?" मी म्हटलं.

हे उत्तर मी अगदी निर्मळ मनानं दिलं होतं. पण 'कोणती' म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, दोन-तीन असतील आणि त्यांतली नेमकी कोणती ते हा मनुष्य विचारून राहिला आहे. विनीतानं चष्मा नाकावर सरकवला आणि आपल्या मोबाइलवरून मोठ्यानं वाचलं.

"'मुरलीधरजी, आनंदाची बातमी! इंदिराजींनी आपल्या संदेशाला उत्तर दिलं आहे. संध्यासोबती. साठीनंतरच्या जोडीदारासाठी विश्वासाचं ठिकाण.' फोटो पण आहे तुमचा."

फोटो माझाच होता. भेडाघाटला धुवाधार धबधब्याच्या कठड्याशी काढलेला, काळा चष्मा लावलेला. मूळ फोटोत आम्ही दोघं होतो. ईमेलच्या त्या लहानशा गोलात मी एकटाच मावलो होतो, आणि माझ्या खांद्यावर हिरव्या बांगड्या घातलेला एक हात तेवढा उरला होता.

"हा हात माझा आहे," विनीता म्हणाली.

मी ती साइट उघडली. तिथं एक रंगीत बटन होतं, त्यावर लिहिलं होतं, 'मुरलीधर म्हणून पुढे जा'. दाबलं. ना पासवर्ड विचारला, ना काही. सरळ आत. आत माझी माहिती होती: मुरलीधर, जबलपूर, निवृत्त केंद्रीय कर्मचारी, वय त्रेसष्ट, विधुर.

"वय पण तीन वर्षांनी कमी केलंत," विनीता म्हणाली. "अन् मी कधी गेली?"

"अगं, हे मी नाही लिहिलं!"

"मी काही म्हणून राहिली का?" असं म्हणून ती कुकर लावायला निघून गेली. छत्तीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो, ती काही म्हणाली असती तर बरं झालं असतं.

इथं आमच्या घरातल्या ईमेलबद्दल थोडं सांगणं भाग आहे. आमच्याकडे एकच खातं आहे. आमची मुलगी सुखदा नोकरीसाठी बंगलोरला गेली तेव्हा जाता जाता मला ते उघडून देऊन गेली. विनीता म्हणाली, मला कशाला वेगळं, म्हणून तिच्या मोबाइलमध्येही तेच. वरच्या मजल्यावरच्या बेबीताईंचा नवा मोबाइल खातं मागत होता, सुरूच होईना, तर मी माझं टाकून दिलं. विनीताचे भाऊ भय्यासाहेब, रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले, मदनमहलला राहतात. तीन वर्षांपूर्वी त्यांची पत्नी गेली, तेव्हा विरंगुळा म्हणून मी त्यांना मोबाइल घेऊन दिला आणि त्यातही माझंच खातं घातलं. सुखदानं सोबत नेलेल्या जुन्या टॅबमध्ये आहेच. असे एकूण पाच. घरी आलेल्याला पाण्याचा पेला द्यावा तसा मी पासवर्ड देत असे, आणि त्यात मला स्वतःचा मोठेपणाही वाटत असे, हे कबूल करतो.

शिवाय हल्ली कुठल्याही साइटवर गेलं की ती विचारते, नवं खातं उघडता, की आहे त्याच खात्यानं आत येता? नव्या खात्याचा रस्ता बारीक अक्षरांत असतो, आहे त्याचं बटन पोळपाटाएवढं. माणूस बटनच दाबतो. अशा रीतीनं गॅसपासून भजनांपर्यंत शंभर कुलपांना आमची एकच किल्ली लागत होती आणि त्या किल्लीवर माझं नाव अन् माझा काळा चष्मा होता.

परिणाम असा की जी आनंदाची बातमी विनीतानं वाचली ती त्याच मिनिटाला पाचही ठिकाणी पोचली होती. पावणेनऊला सुखदाचा फोन आला. मला न विचारता म्हणाली, "बाबा, आईला फोन द्या." नऊला बेबीताई जिना उतरून आल्या.

"मुरलीधरराव, हे काहून करून राहिले तुम्ही? या वयात?"

"बेबीताई, मी काही केलेलं नाही. कोणीतरी माझं खातं चोरलं आहे."

"चोरणारा वस्तू घेऊन जातो जी. हा तर तुम्हाला बायको देऊन राहिला."

मी तोफांच्या सरकारी कारखान्यात तपासणी विभागात पस्तीस वर्षं काढली. तोफेच्या भागात सुतभर फरक असला तरी तो भाग मी परत पाठवत असे. वरिष्ठांनी डोळे वटारले तरी पाठवत असे. अशा माणसाकडे त्या सकाळी तीन स्त्रिया, त्यांतली एक बंगलोरहून, ज्या नजरेनं बघत होत्या ती नजर मी कधी बिघडलेल्या तोफेकडेही टाकली नव्हती.

मी ठरवलं, हा भाग परत पाठवायचा. ते खातं पुसून टाकायचं. पाच मिनिटांचं काम.

आधी मी त्यातले संदेश बघायला गेलो, की हा भामटा माझ्या नावानं लिहितो तरी काय. तर संदेशांना वेगळं कुलूप होतं, चार आकडी पिन. माझं जन्मसाल टाकलं, लग्नाचं साल टाकलं, मग त्यानं मला एक तासासाठी बंद केलं. माझ्याच नावाच्या दारात मीच बाहेर.

मग साइटच्या ग्राहक सेवेला फोन लावला. पलीकडे सलोनी नावाची मुलगी होती, अतिशय गोड आवाजाची.

"मुरलीधरजी, आपको कोई पसंद आ गया क्या? इसलिए बंद करवा रहे हैं?"

"मुझे कोई पसंद नहीं आया! मेरी पत्नी जीवित है!"

"ओह. बधाई हो सर," ती म्हणाली. बंद करायचं असेल तर आधी मीच मुरलीधर आहे हे सिद्ध करावं लागेल, असं तिनं सांगितलं. मोबाइलवर एक दुवा आला. चेहरा चौकटीत आणा. डावीकडे वळा. उजवीकडे वळा. डोळे मिटा. किंचित हसा. हे सगळं मी बैठकीच्या मधोमध उभं राहून केलं. शेजारचे आलोकजी तिवारी पेपर मागायला आले होते, ते दारातच थांबून बघत राहिले.

मोबाइल थरथरला. मोबाइलवर लिहून आलं, 'अभिनंदन! आपला चेहरा जुळला. आता आपण संध्यासोबतीचे सत्यापित सदस्य आहात.' आणि माझ्या काळ्या चष्म्याशेजारी एक निळी खूण उमटली. खातं बंद करण्याचा अर्ज मात्र सात दिवसांनी विचारात घेतला जाईल.

हीही आनंदाची बातमी पाचही ठिकाणी पोचली. वरच्या मजल्यावरून बेबीताईंचा आवाज आला, "अगं विनीता, आता तर पक्कं झालं!"

दुपारी विनीता माझं ताट वाढून ठेवून वरती बेबीताईंकडे जेवायला गेली. भांडण नाही, आदळआपट नाही. वरणावर तूपसुद्धा घातलं होतं. मी ते वरण जेवलो, पण तूप मला अगदी दोषारोपासारखं लागलं.

आलोकजींनी सल्ला दिला. आलोकजींच्या प्रत्येक सल्ल्याची सुरुवात 'मेरे साले के साथ भी' अशी होते आणि शेवट साल्याच्या नुकसानीत होतो, तरी माणूस ऐकतो. "भाईसाहब, ये विदेशी गिरोह है. पहले फोटो लेते हैं, फिर आवाज़, फिर मकान. सीधे थाने जाइए." म्हणून शुक्रवारी सकाळी मी इस्त्रीचा शर्ट घालून पोलीस थान्यात गेलो. आलोकजी सोबत आले. साक्षीदार म्हणून, असं ते म्हणाले. मला वाटतं पुढं काय होतं ते बघायला.

टेबलापलीकडच्या मॅडमनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग एकेक विचारलं. खातं कोणाचं? माझं. फोटो? माझा. मोबाइल नंबर? माझा. हा चेहऱ्याचा पडताळा कोणी केला?

"मैंने," मी म्हटलं.

"तो अंकल जी, शिकायत किसके खिलाफ़ लिखूँ?"

मी आलोकजींकडे बघितलं. ते भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते.

"पासवर्ड किस-किसको मालूम है?" मॅडमनी विचारलं. मी यादी सांगायला लागलो. बेबीताईंच्या भाच्याला टीव्ही लावताना सांगितला होता, ते मध्येच आठवलं. मॅडमनी पेन खाली ठेवलं. "अंकल जी, आप एक काम कीजिए. पासवर्ड बदलिए और सब जगह से एक साथ लॉगआउट कर दीजिए. जिसका होगा, वो खुद चिल्लाएगा."

दोन दिवसांत ऐकलेली ही पहिली शहाणपणाची गोष्ट. तिथून मी सरळ विजय नगरात योगेशच्या ऑनलाइन सेंटरवर गेलो. तिथं आधार, पॅन, प्रवेशअर्ज सगळं होतं. योगेशनं पाच मिनिटांत नवा पासवर्ड घातला आणि सगळीकडून सगळ्यांना बाहेर काढलं. "काका, अब आप अकेले हैं," तो म्हणाला. त्या घडीला मला ते वाक्य अतिशय दिलासादायक वाटलं.

घरी पोचेपर्यंत चिल्लावायला सुरुवात झाली होती. बेबीताईंचा टीव्ही आरतीच्या अर्ध्यात बंद पडला होता. सुखदाच्या टॅबवरचे नातवाचे फोटो दिसेनासे झाले होते. विनीता भरतकामाचा एक ऑनलाइन वर्ग करते, तिथं तिची तेवीस प्रकरणं झाली होती; आता साइट म्हणत होती, आपण नवीन आहात, सुई-दोऱ्याची ओळख करून घेऊ या. या सगळ्यांना मी एकच उत्तर देत होतो, की चौकशी चालू आहे. मग भय्यासाहेबांचा फोन आला.

"भाऊजी, माझं संध्या..." ते थांबले. "माझं हवामान बंद पडलं."

"संध्या काय?"

"संध्याकाळचं हवामान. ते बघतो मी रोज."

पस्तीस वर्षं तपासणी केलेल्या माणसाला बारीकशी भेगही दिसते. मी म्हटलं, "भय्यासाहेब, इकडे या."

ते आले. स्कूटर लावून पाच मिनिटं फाटकाशीच उभे राहिले. त्रेसष्ट वर्षांचा उंचापुरा माणूस, शाळेत छडी खायला आल्यासारखा उभा. विनीतानं त्यांना आत बोलावलं, पाणी दिलं. ते पाण्याकडे बघत म्हणाले,

"भाऊजी, मी मुद्दाम नाही केलं. आमच्या रेल्वेतल्या एकानं सांगितलं, अशी साइट आहे. मी म्हटलं बघून तर घेऊ. त्यात एक बटन आलं, मुरलीधर म्हणून पुढे जा. मला वाटलं, दुसरा रस्ताच नाही आहे. तर गेलो पुढे."

"अन् फोटो?"

"तो आपोआप आला. मला काढता नाही आला. मी म्हटलं, काळा चष्मा आहे, कोण ओळखून राहिलं."

मी काही बोलणार तेवढ्यात विनीता म्हणाली, "तुम्ही जरा थांबा. दादा, ही इंदिरा कोण?"

हा प्रश्न तिनं मलाही विचारला होता, पण या सुरात नव्हे.

इंदिरा सोनवलकर. सदरला राहतात, शाळेत गणित शिकवायच्या, आता निवृत्त. यजमान सहा वर्षांपूर्वी गेले. दोन महिन्यांपासून दोघं रोज लिहीत होते. उत्तर आल्याचा ईमेल भय्यासाहेब रोज लगेच पुसून टाकत, गुरुवारी तेवढा राहून गेला. आधी हवामान, मग स्वयंपाक, मग इतर. "पहिल्या आठवड्यात सांगणार होतो की मी मुरलीधर नाही," भय्यासाहेब म्हणाले. "मग वाटलं, इतके दिवस काहून नाही सांगितलं म्हणतील. मग दर दिवशी ते अजूनच कठीण होत गेलं." त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि परत ठेवला. "आता तर सगळं संपलंच. कालपासून मी धड जेवलो नाही."

त्यांनी पिन सांगितला. गुरुवारचं इंदिराबाईंचं उत्तर मी उघडून वाचलं.

'काल सदरच्या बाजारात तुम्हाला पाहिलं. सोबत पत्नी होत्या आणि साड्यांची पिशवी तुमच्या हातात होती. विधुर माणसाच्या मानानं सुखी दिसलात. रविवारी अकराला कॉफी हाउसमध्ये ठरल्याप्रमाणे मी येईन, पण ते तोंडावर दोन शब्द सुनावण्यासाठी.' त्याखाली त्याच दुपारचं आणखी एक: 'निळी खूण पाहिली. निर्लज्जपणाचीही पडताळणी होते हे ठाऊक नव्हतं.'

म्हणजे बुधवारी विनीताच्या साड्यांना फॉल लावून आणायला गेलो होतो, तेव्हा सदरच्या भर बाजारात एक सभ्य स्त्री मला बदमाश ठरवून गेली होती. मी उभा राहिलो, बसलो, पुन्हा उभा राहिलो. वर सरकवत सरकवत जुने संदेश बघायला लागलो.

"वाचू नका," विनीता म्हणाली. "ते दुसऱ्याचं आहे."

"माझ्या नावानं आहे!"

"नाव तुमचं आहे. पत्र दादाचं आहे."

तिचं बरोबर होतं, पण माझा अंगठा थांबला नाही. इंदिराबाईंनी विचारलं होतं, रविवारी काय करता. भय्यासाहेबांनी लिहिलं होतं: 'बहिणीकडे जेवायला जातो. तिच्या हाताला चव आहे. तिचे यजमान मनानं फार चांगले, पण ऐकून घेत नाहीत. तीन वर्षांत त्यांनी मला एकदाही नाही विचारलं की घरी एकट्यानं कसं होते. तोफेच्या नळीबद्दल मात्र मला आता सगळं माहीत आहे.'

मी मोबाइल टेबलावर पालथा ठेवला.

भय्यासाहेब अजून पाण्याकडेच बघत होते. मला रागवायचं होतं. दोन दिवस मी जो अपमान सोसला होता त्याचा पूर्ण हिशेब माझ्या तोंडात तयार होता. पण तीन वर्षांचे रविवार आठवत बसलो, आणि खरंच, एकही प्रश्न आठवेना. नळी मात्र प्रत्येक वेळेस होती.

"जेवून जा," मी म्हटलं. "अन् रविवारी आपण तिघं जाऊ."

"त्या मला ओळखतच नाहीत, भाऊजी. त्या तुम्हाला ओळखतात."

म्हणून आधी लेखी खुलासा करावा असं मी ठरवलं. सरकारी नोकरीत हयात गेलेल्या माणसाला लेखी खुलाशावर श्रद्धा असते. मी लिहिलं: 'महोदया, मी खरा मुरलीधर. आपण ज्यांच्याशी आजवर बोलत होता ते मुरलीधर नव्हेत. मी आपल्याशी यापूर्वी कधीही बोललेलो नाही. सध्या मात्र मीच बोलत आहे.' विनीता म्हणाली, हे पाठवू नका. मी पाठवलं. दोन मिनिटांत उत्तर आलं: 'पत्नीला घेऊन या.'

रविवारी मी थोडी तयारी करून गेलो होतो. आधार कार्ड, निवृत्तीचा कागद, लग्नाचा फोटो. विनीता म्हणाली, तुम्ही लग्न जमवायला जाऊन राहिले की पासपोर्ट काढायला? भय्यासाहेबांनी निळा शर्ट घातला होता आणि दाढी करताना हनुवटीला कापून घेतलं होतं. कॉफी हाउसच्या दारापर्यंत ते आले आणि तिथंच थांबले.

"तुम्ही व्हा पुढे," म्हणाले.

इंदिराबाई खिडकीजवळच्या टेबलाशी बसल्या होत्या. सुती साडी, पांढरे केस नीट बांधलेले, पुढ्यात कॉफी, तिला हात न लावलेला. मला बघताच त्या उठल्या आणि त्यांनी सुरू केलं. मी कागदांची पिशवी उघडत होतो, त्यांनी ती मिटायला लावली. चाळीस वर्षं सातवी-आठवीच्या वर्गाला शिकवलेला आवाज. मी विश्वासघातकी होतो, माझ्यासारख्यांमुळे चांगल्या माणसांवरचा भरवसा उडतो, आणि त्या बिचाऱ्या पत्नीला फोटोतून कापून नुसता हात ठेवताना मला लाज वाटायला हवी होती. आजूबाजूच्या टेबलांवरचे डोसे थंड होत होते. वेटर ट्रे घेऊन माझ्यामागे थांबला होता, तो पुढे जाईना. मी तीन वेळा 'बाई, ऐका' म्हटलं, पण ऐकून घ्यायची सवय त्यांनाही नव्हती.

शेवटी विनीता मध्ये पडली.

"इंदिराताई, हा नवरा माझा आहे. तुमचा बाहेर उभा आहे."

इंदिराबाईंनी दाराकडे बघितलं. काचेपलीकडे भय्यासाहेब पाठ करून उभे होते आणि रस्त्यावरच्या रिक्षा बघत असल्याचं दाखवत होते. विनीतानं सगळं सांगितलं. बटन, फोटो, पिन, सगळं, आणि माझ्यापेक्षा फार कमी शब्दांत. मग ती स्वतः जाऊन भावाला दंडाला धरून आत घेऊन आली.

भय्यासाहेब उभे राहिले. इंदिराबाई त्यांना वरपासून खालपर्यंत बघत होत्या. मग त्यांनी विचारलं,

"गेल्या सोमवारी काय जाळलंत?"

"साबुदाणा," भय्यासाहेब म्हणाले. "मग कढई. मग कढई उचलायला गेलो तो रुमाल."

"पुन्हा करताना चार तास भिजवायचा असं लिहिलं होतं ना मी?"

"भिजवला जी. मग विसरलो. तीन दिवस भिजला."

इंदिराबाईंच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, पण त्या हसल्या नाहीत. खुर्चीवर बसल्या.

"मी तुम्हाला आमच्या यजमानांच्या शेवटच्या दिवसांबद्दल लिहिलं होतं," त्या भय्यासाहेबांना म्हणाल्या. "घरच्यांनाही नाही सांगितलं ते. अन् ते पाच मोबाइलांवर जात होतं?"

"नाही, नाही! त्याला पिन होता. कोणीच नाही वाचलं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. आता खरं सांगायची पाळी माझी होती, आणि चार दिवसांत पहिल्यांदाच माझ्याविरुद्ध खरा आरोप होता.

"मी थोडं वाचलं," मी म्हटलं.

"किती?"

"माझ्याबद्दलचं होतं तेवढं. पुढे नाही गेलो."

"ते तोफेच्या नळीचं?"

"हो."

"मग ठीक. तेवढं तुम्ही वाचायलाच पाहिजे होतं." त्यांनी कॉफीचा पहिला घोट घेतला, थंड म्हणून कप दूर सारला आणि भय्यासाहेबांना म्हणाल्या, "नाव काय तुमचं?"

"नारायण. घरी भय्या म्हणतात."

"नारायणराव, मी रागावलेली आहे. दोन महिने खोट्या नावाला हाक मारली मी. तो राग इथं एका कॉफीत नाही जायचा. आधी स्वतःचं खातं काढा, स्वतःच्या नावाचं. त्यावरून मला लिहा. मी उत्तर देईन की नाही, ते मी ठरवेन."

"आजच काढतो."

"बसा मग. उभ्या माणसाशी मला बोलता येत नाही." आणि मग माझ्याकडे वळून, "आपण दुसऱ्या टेबलावर बसलात तर चालेल का?"

म्हणजे चार दिवस माझ्या नावावर, माझ्या फोटोवर, माझ्या चेहऱ्याच्या पडताळ्यावर जे काही झालं, त्याच्या निकालाच्या वेळी मला वर्गाबाहेर काढण्यात आलं. आम्ही कोपऱ्यातल्या टेबलावर बसलो. विनीतानं दोन डोसे मागवले. चार दिवसांत ती पहिल्यांदा माझ्यासोबत जेवत होती, हे मी तिला बोलून दाखवलं नाही. तिला विचारलं, "तुला खरंच वाटलं होतं का, मी असं काही करीन?"

ती चटणी पुढे ओढत म्हणाली, "नाही. तुम्हाला दोन महिने कोणाशी गप्पा मारता आल्या असत्या का?"

मी डोसा खाल्ला.

मग तिनं आपला मोबाइल माझ्यासमोर ठेवला. "मला पण माझं वेगळं खातं काढून द्या."

"तुला कशाला वेगळं?" मी सवयीनं म्हटलं, आणि लगेच हात पुढे केला. मोबाइल घेतला. नाव घातलं, जन्मतारीख घातली. छत्तीस वर्षांत तिची जन्मतारीख मी कुठल्याही अर्जावर न विचारता लिहिली आहे, आजही लिहिली. मग पासवर्डची जागा आली. मी विचारलं, काय घालू?

तिनं मोबाइल माझ्या हातातून काढून घेतला. "मी घालते. तुम्ही तिकडे बघा."

"तिकडे म्हणजे?"

"तिकडे म्हणजे भिंतीकडे. दादाकडे नको, इंदिराताई चिडतील."

मी भिंतीकडे बघितलं. भिंत हिरवट होती. माझ्या पाठीमागे एकेक अक्षर दाबल्याचा आवाज येत होता, सावकाश, मग थांबला, मग विनीता स्वतःशीच 'हात्तिच्या' म्हणाली.

"काय झालं?"

"घेत नाही म्हणते. फार सोपा आहे, कोणीही ओळखून घेईल."

"काय टाकलं होतंस?"

"तुमचं नाव."

मी वळणार तेवढ्यात पुन्हा अक्षरं दाबल्याचा आवाज सुरू झाला. या वेळी भराभर, न अडखळता, आणि शेवटी मोबाइलनं खुशीत टुंग केलं.

"घेतला," ती म्हणाली.

"आता काय टाकलंस?"

"तिकडे बघा," विनीता म्हणाली.